घरबसल्या डॉक्टर, पण सही कोणाची?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर सध्या एक अर्ध्या पानाची जाहिरात येते. ‘घरबसल्या तज्ज्ञ डॉक्टर, घरपोच औषध, वजन कायमचं कमी.’ खाली मोबाइलने स्कॅन करायचा क्यूआर कोड. औषधाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, पत्ता म्हणून नुसतं एका मोठ्या शहराचं नाव. या जाहिरातीबद्दल आणि तिच्यामागच्या धंद्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबणार, हे आधीच सांगते.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ यांची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली. पतसंस्था बुडाल्या म्हणजे काय होतं, हे खान्देशातल्या वाचकांना मी सांगायला नको. घरटी एक तरी ठेवपावती अजून कपाटात पडून असेल. त्या काळात एक सवय लागली ती गेली नाही: संस्थेचं चकचकीत अहवालपत्रक बाजूला ठेवायचं आणि आधी विचारायचं, सही कोणाची आहे, आणि उद्या पैसे मागायला गेलं तर तो माणूस सापडेल का.

दुसरं कारण घरचंच. माझी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५. बरीच वर्षं शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू. गुडघे बोलायला लागलेत. त्यामुळे जाहिरात पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मला ते औषध हवं होतं, म्हणूनच विकणाऱ्यांना तपासावं असं वाटलं.

औषध खोटं नाही, हे प्रथम स्पष्ट करते, कारण आमच्या गल्लीत याबाबत दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो हे सगळं थोतांड, दुसरा म्हणतो जादू. शेजारच्या काकू तर परवा ओट्यावर बसून म्हणाल्या, “माय वं, आते सुई टोचीसन वजन कमी व्हस म्हणे!” होतं, काकू. सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक इंजेक्शन, ६८ आठवडे, सोबत आहार आणि व्यायामाचा सल्ला. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपॅटाइड हे त्यानंतरचं औषध, त्याचे आकडे आणखी मोठे आहेत. भूक मंदावते, पोट उशिरा रिकामं होतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं. यात जादू काही नाही.

पण त्याच सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या काही लोकांवर औषध थांबवल्यावर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे आपल्या जाहिरातीतला ‘कायमचं’ हा शब्द औषध घेत राहाल तोवरच खरा. ही रक्तदाबाच्या गोळीसारखी दीर्घ मुदतीची बाब आहे. तीन महिन्यांचं पॅकेज विकणारा माणूस हे सांगतो की नाही, इथूनच तपासणीला सुरुवात करावी.

बाजार आत्ताच का उसळला, तेही लिहिते. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ नावाने आलं, तेव्हा एका आठवड्याच्या सर्वांत लहान डोसची कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,०००. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, ‘वेगोव्ही’, जूनमध्ये आलं ते महिन्याला १७ हजारांच्या पुढे. अमळनेर-पारोळ्यात तो कोणाचा विषयच नव्हता. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांची स्वस्त पेनं (पेनासारख्या नळीतली इंजेक्शनं) आली, आणि विषय एकदम ओट्यावर आला. स्वस्त झालं याचा मला आनंदच आहे. मात्र स्वस्ताईबरोबर दलालही येतात. केळी असो की कापूस, आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.

आता तपासणीकडे येते. लेखापरीक्षणात ‘चाचणी तपासणी’ असते. सगळं दप्तर न उलगडता मुद्दाम एखादा असा व्यवहार उचलायचा, जो संस्थेने नाकारायलाच हवा होता. मीही तेच केलं. अशा काही सेवांच्या अर्जांत स्वतःची माहिती न भरता एका काल्पनिक मुलीची भरली: वय २४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. बीएमआय जेमतेम २१.६. या मुलीचं वजन जास्त नाहीच. भारतीयांसाठी डॉक्टर मंडळी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ही औषधं मंजूर झाली आहेत ती साधारण ३० च्या पुढच्यांना, किंवा २७ च्या पुढे असून शुगर, रक्तदाब असं काही जोडीला असलेल्यांना. म्हणजे उत्तर एकच असायला हवं होतं: ताई, तुम्हाला हे औषध देता येत नाही.

आपल्या जाहिरातीतल्या सेवेने त्या मुलीला हिरवी बरोबरची खूण दाखवली. ‘अभिनंदन! तुम्ही पात्र आहात.’ आणि पुढचं पान थेट पैसे भरायचं. अर्थात तिथेच थांबले.

दुसऱ्या एकीने वजन पाहून अर्ज अडवला, पण लगेच खाली ‘वजन दुरुस्त करा’ असं बटण दिलं. तिसऱ्या एका सेवेने स्वच्छ नकार दिला. एवढंच नाही, वजन कमी करण्याची ओढ मनाला सतावत असेल तर कोणाशी तरी बोला, असंही नम्रपणे लिहिलं होतं. माझ्या लेखी पहिली परीक्षा हीच. जी संस्था कर्जाचा एकही अर्ज नाकारत नाही तिचा ताळेबंद मी उघडूनही बघत नसे.

मग स्वतःचा खरा अर्ज भरला, आणि खरी भीती तिथे वाटली.

ग्लिमेपिराइड ही शुगरची जुनी, स्वस्त आणि खान्देशात सर्रास दिली जाणारी गोळी आहे. ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, तुम्ही जेवला असाल वा नसाल. त्यावर ही भूक मारणारी सुई सुरू झाली की जेवण निम्म्यावर येतं, पण गोळी तेवढीच राहते. शुगर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, प्रसंगी शुद्ध हरपणं. म्हणून सुई सुरू करताना ग्लिमेपिराइडचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरने ठरवावं लागतं. त्यात सध्या अधिक मास. आमच्याकडच्या किती बायका महिनाभर एकवेळ जेवतात! पुढे श्रावण, मग नवरात्र. ‘तुम्ही उपास करता का’ हा प्रश्न एकाही अर्जात नव्हता. जाहिरातवाल्या सेवेच्या अर्जात तर ‘चालू औषधे’ हा रकाना ऐच्छिक होता, रिकामा सोडला तरी पुढे जाता येत होतं. मी तो भरला, दोन्ही गोळ्या डोससकट लिहिल्या. नंतर ज्यांचा फोन आला त्यांनी तो वाचलेला नव्हता.

हा फोनही सांगण्यासारखा आहे. बाई गोड बोलत होत्या, मला ‘मॅम’ म्हणत होत्या आणि स्वतःचं नुसतं पहिलं नाव सांगत होत्या. पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारला. म्हणाल्या, मी हेल्थ कोच आहे, डॉक्टर मागे टीममध्ये आहेत. डॉक्टरांशी बोलायचं आहे म्हटलं, तर म्हणाल्या, गरज पडत नाही मॅम, डॉक्टर तुमचा फॉर्म बघून प्रिस्क्रिप्शन अप्रूव्ह करतात. मी थोडी गप्प बसले. मग त्यांनीच विचारलं, “आजच्या ऑफरमध्ये घ्यायचं का?”

आता नियम काय आहे पाहा. फोनवरून, व्हिडिओवरून डॉक्टरने रुग्ण कसा तपासावा याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला ती निघाली. एरवी कोण वाचतं, पण मला शासकीय परिपत्रकं वाचायची खोड आहे. त्यात स्पष्ट आहे की डॉक्टरने सुरुवातीलाच आपलं नाव आणि पात्रता सांगायची, आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. पहिल्याच सल्ल्यात, दुकानात सहज मिळणाऱ्या औषधांपलीकडची ठरावीक यादीतली औषधं द्यायची असतील तर ती व्हिडिओवर बोलूनच देता येतात. आजाराचं निदान, किमान तात्पुरतं तरी, केल्याशिवाय औषध लिहिणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. संगणकाची ‘कृत्रिम बुद्धी’ डॉक्टरला मदत करू शकते, पण तिने स्वतः रुग्णाला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचं नाही. फीची पावती द्यायची. आणि डॉक्टरने चिठ्ठी परस्पर एखाद्या औषध दुकानाला पाठवायची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते, शिवाय औषध कोणत्याही दुकानातून घ्यायची मोकळीक रुग्णाला राहिली पाहिजे.

हे शेवटचं कलम मला सर्वांत उपयोगी वाटतं, कारण चोर तिथे पकडला जातो. “चिठ्ठी मला द्या, औषध मी आमच्या मेडिकलमधून घेईन,” एवढंच म्हणायचं. कोच बाई एकदम अडखळल्या. चिठ्ठी ‘प्लॅनचा भाग’ असल्याने वेगळी देता येत नाही म्हणाल्या. म्हणजे चिठ्ठी ही औषधाच्या खोक्याला लावलेली नुसती चिकटपट्टी.

डॉक्टरचं नाव आणि क्रमांक मिळाला तर तो पडताळणं अवघड नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टर शोधता येतो, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीतही. नाव आहे का, पदवी कोणती, नोंदणी चालू आहे का, हे बघायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. एका सेवेने अखेर ज्यांचं नाव कळवलं ते गृहस्थ डॉक्टर होते, पण त्यांची नोंदणी भलत्याच उपचारपद्धतीच्या परिषदेची निघाली. त्या पद्धतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सेमाग्लुटाइडवर सही करायला ती नोंदणी चालत नाही.

कोणते प्रश्न विचारायलाच हवेत, हेही लोकांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ प्रकारचा कर्करोग झाला होता का? असेल तर ही औषधं नाहीत. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. बाळंतपणाचा विचार आहे का, कारण सेमाग्लुटाइड गरोदरपणाच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं, आणि टिर्झेपॅटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. नव्या सुनेला कोणी हौसेने पेन आणून देणार असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा. शुगरवाल्यांचा डोळ्याचा पडदा आधी तपासलेला हवा, कारण शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा आधीचा बिघाड वाढू शकतो. किडनीसाठी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी हवी, कारण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ताण तिच्यावर येतो. कुठली शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, कारण उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं.

जाहिरातवाल्यांनी यातलं काय विचारलं? गर्भवती आहात का, एवढंच. माझं वय त्याच पानावर वर लिहिलेलं होतं.

मात्र समोरून आणि बाजूने, घट्ट कपड्यांतले फोटो मागितले होते. ते कशाला, कोण बघणार, कुठे साठवणार, यावर उत्तर नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ सालीच झाला आहे. ‘माझी माहिती काढून टाका’ असं मी लेखी कळवलं आहे. उत्तराऐवजी सवलतीचा संदेश आला.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला दर हा सर्वांत लहान डोसचा असतो. सेमाग्लुटाइड वजनासाठी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं चढत २.४ वर जातं. सोसलं तर पाचव्या महिन्यात पूर्ण डोस. डोस चढतो तसा पैसाही चढू शकतो. म्हणून विचारायचं ते पहिल्या महिन्याचं नाही, बारा महिन्यांचं, तपासण्यांसकट, आणि लेखी. शिवाय महिन्याच्या महिन्याला खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी पहिल्याच भरण्यात गुंडाळून घेतात. उलट्या होऊन औषध बंद केलं तरी हप्ता चालूच. पहिला डोसच मोठा देऊन ‘लवकर रिझल्ट’ दाखवणारेही आहेत. ती पायरी पोटाला सवय व्हावी म्हणून असते, ती गाळली की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ यांनी माणूस आडवा होतो आणि दोष औषधाला लागतो.

आता उन्हाचं. हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सुचणार नाही, आपल्याला सुचलं पाहिजे. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठलं तर फेकायचं. फ्रीजबाहेर ठेवायची वेळ आली तरी ३० अंशांच्या आत, आणि तेही ठरावीक दिवसच. किती ते त्या-त्या पेनच्या पत्रकात दिलेलं असतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो. पार्सल भुसावळला उतरतं, तिथून टेम्पोने येतं, दुपारी कुरिअरच्या पत्र्याच्या गाळ्यात पडतं, मग मुलगा दुचाकीवर पाठीवरच्या पिशवीत घालून गल्लीबोळ शोधत फिरतो. घरी कोणी नसलं की ओट्यावर ठेवून फोटो काढून निघून जातो. आमच्या ओळखीच्या एका घरी असंच खोकं आलं. आतली बर्फाची थैली कोमट पाणी झाली होती आणि पेन हाताला गरम लागत होतं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की पार्सल ‘वेळेत’ पोचलं आहे. वेळेचा प्रश्नच नव्हता. त्या बाईंनी पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पेन वापरलं. अपाय झाला नाही, वजनही हललं नाही. औषधात दम होता की उन्हात गेला, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून मी प्रत्येक सेवेला एकच विचारलं: जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पेन कसं पोचवता? एकीनेच सरळ उत्तर दिलं. उन्हाळ्यात आम्ही तालुक्याला पाठवत नाही, चिठ्ठी देतो, तुम्ही जवळच्या फ्रीज असलेल्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. काल्पनिक मुलीला नकार देणारीही हीच सेवा होती. योगायोग नसावा.

पक्कं बिल आणि बॅच क्रमांक यासाठीही हवेत की बनावट पेनं फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत तसे बॅच सापडले होते. तिथल्या देखरेखीतून जे निसटतं ते आपल्या एखाद्या जिममध्ये किंवा पार्लरमध्ये बिलाशिवाय मिळणाऱ्या पेनात नसेलच, असं कोण म्हणेल? तेव्हा ऑनलाइन ते वाईट आणि गावातलं ते चांगलं, असंही मी म्हणत नाही.

उलट, ऑनलाइनची गरज आहेच. ती का आहे, हे आमच्या डॉक्टर मंडळींनीही ऐकावं. हार्मोनचे तज्ज्ञ तालुक्याच्या गावात मिळणं कठीण. त्यांच्यासाठी नाशिक नाही तर पुणं गाठायचं, म्हणजे एक दिवस आणि सोबतीला एक माणूस. बाईच्या बाबतीत ते दोन्ही मिळणं सोपं नसतं. आणि बाईचं वजन हा आपल्याकडे सगळ्यांच्या मालकीचा विषय आहे. लग्नात, मयतीत, आखाजीला माहेरी गेलं तरी पहिलं वाक्य तेच. दवाखान्यात गुडघ्यासाठी जावं तर डॉक्टर खुर्चीतूनच म्हणतात, कमी खा, फिरत जा. शेतात दिवसभर वाकून आलेल्या बाईलाही ‘फिरत जा’. मेडिकलवर पेन मागावं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. मोबाइलवरचा अनोळखी आवाज निदान हसत तरी नाही. या लाजेवरच तर हा धंदा उभा आहे. ती लाज आपण सगळ्यांनी मिळून तयार केली आहे, कंपन्यांनी फक्त तिचे पैसे केले.

ज्या सेवेबद्दल बरं लिहिलं तिचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर हे पत्रच जाहिरात होईल. तिने काय केलं ते सांगते. डॉक्टर व्हिडिओवर स्वतः आल्या, पूर्ण नाव आणि पदवी सांगून बोलू लागल्या. एमडी, नोंदणी पडताळली, बरोबर होती. माझ्या गोळ्यांची यादी त्यांनी मला वाचून दाखवली. तीन महिन्यांची शुगर, क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय चिठ्ठी देणार नाही म्हणाल्या. भाकरी ज्वारीची की कळण्याची, तेल महिन्याला किती, डाळ रोज असते का, हे विचारलं, कारण या औषधाने चरबीबरोबर स्नायूही उतरतात आणि डाळ, अंडं, दूध कमी पडून चालत नाही. उपासाचा विषय मी काढल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइडबद्दल माझ्या इथल्या फिजिशियनना पत्र लिहिलं. आमच्या डॉक्टरांना आधी राग आला, मग त्यांनी गोळी कमी केली आणि स्वतःहून म्हणाले, दर महिन्याला मला दाखवत जा. आता मुंबईच्या त्या डॉक्टर बाईंची चिठ्ठी आणि गावच्या डॉक्टरांचा हात, असं चाललं आहे. किती किलो उतरले ते सांगणार नाही, त्याच आकड्याच्या जाहिराती होतात.

आता, संपादक महाशय, आपल्या वृत्तपत्राकडे वळते. १९५४ पासून देशात एक कायदा आहे, औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडली आहे, आणि तीत लठ्ठपणा आहे. जाहिरात देणाराच नव्हे, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. ‘आम्ही औषधाचं नाव घेतलेलं नाही’ असं तुमचा जाहिरात विभाग म्हणेल. खरं आहे, नाव नाही, पण ‘घरपोच औषध’ आहे, शेजारी वजनकाटा आणि सुईचं चित्रही आहे. ते कायद्यात बसतं की नाही हे वकील ठरवतील. माझी मागणी साधी आहे: जो जाहिरातदार जबाबदार डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक छापायला तयार नाही, त्याची जाहिरात घेऊ नका. निविदा सूचना छापताना तुम्ही अधिकाऱ्याचं पदनाम मागताच ना?

दुसरी मागणी जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे. आठवड्यातून एक दुपार लठ्ठपणाची ओपीडी ठेवा. आलेल्या बाईला सुई द्यायची की नाही हा पुढचा प्रश्न, तिचं ऐकून तपासण्या सांगणारं कोणी असलं तरी निम्म्या जणी मोबाइलवरच्या हिरव्या खुणेकडे जाणार नाहीत. सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा फुकट आहे, तिच्यावर या विषयाचे तज्ज्ञ ठरावीक वेळी बसवता आले तर यावल-शिरपूरच्या टोकालाही ते पोचतील. अन्न व औषध प्रशासनाने उन्हाळ्यापुरती तरी कुरिअरच्या गाळ्यांत थर्मामीटर घेऊन एक फेरी मारावी.

आणि ज्यांनी आधीच सुरू केलं आहे त्यांच्यासाठी: औषधाचा त्रास झाला तर कंपनीच्या कोचला सांगून थांबू नका. पोटात सतत तीव्र कळ येऊन पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर थेट दवाखाना गाठा. दुष्परिणामाची नोंद करायला देशाची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, आणि पैशाच्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जागेअभावी पत्राची काटछाट करावी लागेल, याची कल्पना आहे. माझ्या नोकरीचा आणि गुडघ्यांचा मजकूर खुशाल काढा. ग्लिमेपिराइडचा परिच्छेद तेवढा अख्खा छापावा.

आपली वाचक,
निवृत्त लेखापरीक्षक, सहकार खाते
अमळनेर, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये)